राखण पाड्याची, जबाबदारी सर्वांची

पावसाळ्याची रात्र आहे. दोनचा सुमार. वीज गेली आहे आणि गटाराचे पाणी चाळीच्या उंबऱ्याला लागले आहे. पलीकडच्या खोलीत अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली एक आजी आहे. मुलगा रात्रपाळीला गेलेला, सून दोन लहान लेकरांना कवटाळून दारात उभी. आजीला उचलायला कोण जाणार? कोणाच्या घरात नेऊन ठेवणार? तिच्या औषधांची पिशवी कोण घेणार? या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे आपल्या वस्तीत आज कुणाला ठाऊक आहेत काय?

बहुतेक वस्त्यांत उत्तर एकच मिळते, "वेळ आली की बघू." पण वेळ येते तेव्हा बघायला उजेड नसतो. म्हणूनच हा विषय आभाळ कोरडे असताना कुटुंबाच्या पानावर मांडत आहोत.

गाव गेले, बैठकही गेली

पेणकरपाड्याचेच उदाहरण घेऊ. मीरा-भाईंदरच्या हद्दीतील जुन्या महसुली गावांत काशी, महाजनवाडी, घोडबंदर, चेणे, वरसावे यांच्याबरोबर पेणकरपाड्याचे नाव येते. १२ जून १९८५ रोजी इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. दहिसर चेकनाक्याजवळचा हा पाडा आता शहर म्हणूनच ओळखला जातो. पूर्वेला महामार्ग, त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि वरून कोकणचा पाऊस. रस्ता, पाणी आणि जंगलाचा काठ अशी तिन्ही संकटे शेजारी घेऊन इथली कष्टकरी कुटुंबे राहतात.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. खेड्यातला मतदार निदान वर्षातून काही वेळा चावडीवर बसून "आमच्या गल्लीत दिवा नाही" असे उभे राहून म्हणू शकतो. शहरात प्रभाग समिती आहे, नगरसेवक आहे, तक्रारीचा अर्ज आहे. परंतु शेजाऱ्याने शेजाऱ्यासमोर बसून आपल्या गल्लीचे ठरवावे, अशी सवय गावाबरोबरच मोडली. ती पुन्हा लावणे हे आपले पहिले काम आहे. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. एक सतरंजी, एक वही आणि रविवारची एक संध्याकाळ पुरे.

किल्लारीच्या बायांनी काय केले?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून मराठवाड्यातील माणसे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांची भूमी हादरली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे जड छप्पर हेच झोपलेल्या माणसांवर कोसळले. जी भिंत उन्हापासून वाचवत होती, तिनेच घात केला.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायचे शासनाने ठरवले. पण त्यापलीकडे हजारावर गावे अशी होती की, तिथली घरे उभी होती, मात्र तडकलेली होती. ती पाडायची नव्हती, मजबूत करायची होती. शासनाचा पैसा होता, अभियंते होते, तरी काम पुढे सरकेना. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. कोणता हप्ता कधी मिळतो, भिंतीला पट्टा कुठे घालायचा, आरपार दगड कसा बसवायचा, हे घरोघर सांगणारे कोणी नव्हते.

तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहभागाने गावोगावच्या महिला मंडळांतील बायांना 'संवाद सहायक' नेमण्यात आले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था काम करीत होती. ज्या बायांनी पूर्वी चावडीची पायरी चढली नव्हती, त्यांनी घरे मोजली, मदतीचे नियम समजावून सांगितले, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवले आणि अधिकाऱ्यापुढे उभे राहून प्रश्न विचारले. पुढे २००१ च्या जानेवारीत गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या याच अनुभवी भगिनी तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि काम शिकवायला गेल्या.

यातून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घर कोणाचे, आत किती माणसे, कोणाला पायरी उतरता येत नाही, हे शेजारची बाई सांगू शकते. ते ना सरकारी कागदात असते, ना पुढाऱ्याच्या डोक्यात. ही माहिती संकटाआधी वहीत उतरली तरच ती कामाला येते.

नियोजन आपल्याला नवे नाही

काही बांधव म्हणतील, "आम्ही कामगार माणसे, आम्हाला कसले नियोजन जमते?" त्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा आलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. खेड्यापाड्यांतून माणसे भाकऱ्या बांधून चालत आली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. गावचे व्यापारी सामान देईनात, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. हल्ल्याचा धोका डोक्यावर असताना एवढ्या माणसांचे अन्न, पाणी, निवारा आणि शिस्त ज्यांनी सांभाळली, ते कोणी मोठे साहेब नव्हते. आपलेच आजे-पणजे होते.

आजही १४ एप्रिलची मिरवणूक आपण पार पाडतो. वर्गणी, मंडप, वाहतूक, पिण्याचे पाणी, हरवलेले मूल शोधणे, बायांसाठी वेगळी रांग, सारे ठरलेले असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर समता सैनिक दलाचे स्वयंसेवक लाखोंच्या रांगेत उभे राहून वाट दाखवतात. वर्षातून दोन दिवस जमणारे हे काम उरलेल्या दिवसांत आपल्या गल्लीसाठी का जमू नये?

वहीत काय लिहावे?

पहिल्या बैठकीत नकाशा काढावा. शाळकरी मुलांकडून काढून घेतला तर उत्तम, त्यांना गल्लीबोळ आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. उघडे गटार, लोंबणारी वीजतार, पाणी तुंबणारी जागा, दिवा नसलेले वळण, महामार्ग ओलांडण्याची धोक्याची जागा अशा खुणा लाल पेन्सिलीने कराव्यात. कोणते घर उंचावर आहे, कोणाकडे दुसरा मजला आहे, हे हिरव्या पेन्सिलीने. हाच नकाशा पुढे अर्जासोबत प्रभाग कार्यालयात जोडावा. तोंडी तक्रारीपेक्षा कागद जास्त बोलतो आणि अर्जाची पोच मागून घेतली की तो विसरताही येत नाही.

दुसऱ्या पानावर माणसे लिहावीत. अंथरुणावरचे म्हातारे, गरोदर भगिनी, अपंग, दम्याचा वा फिटचा आजार असणारे, एकटे राहणारे, रात्रपाळीवाल्यांची लेकरे. प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे. एक गावाला गेला तर दुसरा हवाच. भाडेकरू आणि परप्रांतीय कुटुंबे वगळू नयेत. पाणी घरमालक-भाडेकरू असा भेद करीत नाही.

तिसऱ्या पानावर कामांची वाटणी. पाणी वाढू लागले की मीटरपेटीचा मेन स्विच कोण बंद करणार, सिलिंडरचे रेग्युलेटर कोण काढून ठेवणार, कागदपत्रांच्या पिशव्या कोण उचलणार. दोन बांबू आणि एक जाड चादर यांची डोली कशी बांधायची, हे तरुणांनी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. ११२ हा पोलिसांचा, १०८ रुग्णवाहिकेचा, १०१ अग्निशमनाचा आणि १९२६ वन खात्याचा क्रमांक प्रत्येक दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवावा.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री अडकलेल्यांना अनोळखी माणसांनी घरात घेतले, चहा-भाकर दिली. ही माणुसकी आपण पाहिली. पण पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, तेही पाहिले. म्हणून वहीत एक ओळ अशीही हवी की, पुराच्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, जे चालले त्यांना लगेच दवाखान्यात न्यायचे आणि पिण्याचे पाणी उकळूनच प्यायचे.

बिबट्याची भीती आणि कचरा

डोंगर शेजारी असल्याने बिबट्याचा विषय निघणारच. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या काठावरील वस्त्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. तेव्हा बिबटे पकडून दूर सोडणे हाच उपाय वाटत असे. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की, पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट नव्या ठिकाणी वाढतात. त्यानंतर २०११ साली 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वन खाते, अभ्यासक आणि स्वयंसेवक पाड्यापाड्यांत जाऊन सांगू लागले. कचरा साठला की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून कचरा वेळेवर उचलवून घ्यावा, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, संडासाच्या वाटेवर दिवा असावा, आणि बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याला कोंडू नये. यातले एकही काम बंदुकीचे नाही. सगळी झाडूची, दिव्याची आणि सोबतीची आहेत.

राखण करताना एक इशारा

आता सर्वांत महत्त्वाचे. गस्तीचा विषय निघाला की तरुणांच्या हाती काठी येते. काठीबरोबर संशयही येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागायला आली होती. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही गेले. जिथे गावाने बसून गावाच्या भल्याचे ठरवायचे, त्याच खोलीत हे घडले.

त्या जमावालाही वाटत होते की आपण गावाची राखण करीत आहोत. आपल्या वाडवडिलांनी वेशीबाहेर राहून अशा संशयाचे घाव सोसले आहेत. "हा कोण, कुठला, इथे कशाला आला" हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला विचारला गेला. तोच प्रश्न काठी घेऊन आपण दुसऱ्या गरिबाला विचारू लागलो, तर आपण काय शिकलो?

म्हणून पाड्याच्या वहीत एक नियम सर्वांत वर लिहावा. अनोळखी माणसाला हात लावायचा नाही. शंका आली तर दोन जबाबदार माणसांनी, त्यांत एक भगिनी असावी, शांतपणे विचारपूस करायची आणि ११२ ला कळवायचे. फोनवर आलेली अफवा पुढे पाठवायची नाही. स्वयंसेवक हा पोलीस नव्हे, न्यायाधीश तर नव्हेच. त्याच्या हातात काठीऐवजी बॅटरी, दोरी आणि ती वही असावी. वहीत परक्या माणसांची नव्हे, आपल्या उचलाव्या लागणाऱ्या माणसांची नावे असतात.

तरुणांना अधिक शिकायचे असेल तर शासनाच्या 'आपदा मित्र' योजनेची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकांना बुडणाऱ्याला वाचवणे, प्रथमोपचार, दोरखंडाचा उपयोग असे शिक्षण मिळते. वस्तीतला एक मुलगा आणि एक मुलगी शिकून आली, तर त्यांनी परत येऊन इतरांना शिकवावे.

बंधूंनो, भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर लगेच उठू नका. सतरंजी आणखी अर्धा तास अंथरलेलीच ठेवा. शेजारच्या चाळीतल्या इतर समाजाच्या बंधू-भगिनींनाही बोलावा, कारण पाणी सर्वांच्याच दारात येते. वही उघडा आणि पहिल्या ओळीवर त्या अंथरुणाला खिळलेल्या आजीचे नाव लिहा. नावापुढे दोन शेजारी लिहा. त्या दोघांनी सर्वांसमक्ष "आम्ही आहोत" असे म्हणावे.

मग पावसाळ्याची रात्र येऊ द्या. दोन वाजता दार वाजेल आणि आजीला कळेल की कोण आले आहे.