सिरीयल कार्ड घेताय? आधी ड्रायव्हर बघा!



समजा, तुमचं ड्रायफ्रूट-मसाल्याचं दुकान आहे. काउंटरवर दोन वजनकाटे, एक जुना पण दणकट बिल प्रिंटर आणि गिऱ्हाइकाला रक्कम दाखवणारा डिस्प्ले. चारही वस्तूंना नऊ पिनांची सिरीयल केबल लागते. आणि नवा कॉम्प्युटर घेतला तर मागे सिरीयल पोर्ट एकही नाही!

उपाय बाजारात आहे. चार किंवा आठ पोर्टचं सिरीयल कार्ड मिळतं. कॉम्प्युटर उघडून ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवायचं. दुकानदार काय करतो? पोर्ट मोजतो, किंमत विचारतो आणि घेऊन येतो. पण पहिला प्रश्न हा हवा: "माझ्या विंडोजसाठी याचा ड्रायव्हर आहे का?"

ड्रायव्हर नेमकं करतो काय?

तीन कामं करतो.

पहिलं, ओळख. प्रत्येक कार्डात बनवणाऱ्याचा नंबर आणि वस्तूचा नंबर कोरलेला असतो. विंडोज तो वाचते आणि जुळणारा ड्रायव्हर शोधते. सापडला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो.

दुसरं, नाव देणं. एका कार्डातून चार वेगळे पोर्ट तयार होतात: कॉम ३, कॉम ४, कॉम ५, कॉम ६. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर कार्डाला ओळखत नाही, ते फक्त या नंबरांना ओळखतं.

तिसरं, वाहतूक सांभाळणं. काटा ९६०० च्या स्पीडवर असेल तर एका सेकंदात जास्तीत जास्त ९६० अक्षरं येऊ शकतात, कारण एका अक्षराला साधारण १० बिट लागतात. १६५५० जातीच्या चिपमध्ये आलेली अक्षरं थांबायला १६ जागा असतात. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात जागा भरली! तेवढ्यात ड्रायव्हरनं माल उचलायला हवा, तोही कोणत्या पोर्टवरून आला हे बघून. उशीर झाला तर अक्षर हरवतं. काट्यावर १२.४५० किलो आणि सॉफ्टवेअरनं तपासलं नाही तर बिलात २.४५०. दहा किलो काजूचा फटका कुणाला? तुम्हालाच. चांगला ड्रायव्हर ही वेळ येऊ देत नाही.

गाडी कुठे अडते?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बरेच जण विंडोज ११ वर जात आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही. शिवाय ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. म्हणून जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं चाललेलं कार्ड नव्या मशीनवर गप्प बसू शकतं. कार्ड बिघडलेलं नसतं, त्याला चालवणारा नसतो.

"मग सुरक्षेची सेटिंग बंद करून जुना ड्रायव्हर टाकू का?" असं कुणी सुचवलं तर हात जोडा. त्याच कॉम्प्युटरवर तुमचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार असतात.

दुसरी अडचण नंबरांची. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ९ पर्यंतचेच पोर्ट निवडता येतात. कार्डाला कॉम ११ मिळाला तर काटा सापडतच नाही. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड असं जा आणि रिकामा असलेला लहान नंबर द्या.

"यूएसबीचे चार कन्व्हर्टर लावले तर?" चालतं. पण काही कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टात घातले की नंबर बदलतो. साफसफाईत केबल इकडची तिकडे झाली की सकाळी काटा बंद! आणि नकली चिपपासून सावध राहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तिच्या चिपच्या नकला चालेनाशा झाल्या. वस्तू तीच, एका अपडेटनं बंद.

पैसे देण्याआधी हे करा

१. आपली विंडोज कोणती, हे लिहून घ्या.
२. कार्डावरच्या चिपचं नाव विचारा. खोक्यावरचा ब्रँड वेगळा आणि चिप वेगळ्या कंपनीची असू शकते.
३. कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलसमोर तुमच्या विंडोजचं नाव आहे का, बघा. फक्त सीडी मिळत असेल तर थांबा, नव्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह असतो कुठे?
४. लिनक्स वापरत असाल तर तिथेही विचारा. बऱ्याच कार्डांचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, पण सगळ्यांचा नाही.
५. "चाललं नाही तर परत घेणार" हे बिलावर लिहून घ्या.

बसवल्यावर पाच मिनिटांची परीक्षा

पोर्टची पिन २ आणि पिन ३ छोट्या वायरनं जोडा. २ नंबर ऐकतो, ३ नंबर बोलतो. पुटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तो कॉम नंबर उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षर स्क्रीनवर परत आलं तर पोर्ट ठीक. वायर काढल्यावर अक्षर यायचं थांबायला हवं. चारही पोर्टवर हेच करा. मग काटा चालला नाही तर दोष केबल, स्पीड किंवा सॉफ्टवेअरमध्ये शोधा, कार्डाला शिव्या देऊ नका.

शेवटचं काम: ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि "कॉम ३ काटा, कॉम ४ प्रिंटर" अशी चिठ्ठी कॉम्प्युटरवर चिकटवा. उद्या तुम्ही गावी असाल तरी काउंटरवरचा पोरगा मशीन पुन्हा जोडू शकेल.

आणि हो, हे सगळं दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी करा. दिवाळीच्या आदल्या दिवशी नको!