बोटांवरची चक्रं, तळहातावरच्या रेघा

मुलांनो, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव ठाऊक आहे ना? शहादा तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यासाठी गावकऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतले होते.

तुम्हीही घेऊन पाहा. कागदावर पेन्सिल घासा, त्यावर बोट दाबा, बोटाला चिकटपट्टी लावून काढा आणि वहीत चिकटवा. गोल गोल रेघा म्हणजे चक्र, एका बाजूला वळल्या तर शंख, टेकडीसारख्या असल्या तर कमान. आईच्या पोटात असतानाच हे उंचवटे तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात. जुळ्यांचेही ठसे वेगळे! चक्रं मोजून भविष्य सांगणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नका.

पण ठसेच नसले तर? २००७ मध्ये स्वित्झर्लंडची एक बाई अमेरिकेला गेली, तर तिथले अधिकारी चक्रावले. बोटं अगदी गुळगुळीत! तिच्या घरात आणखी काही जणांची तशीच होती. २०११ मध्ये कारण सापडलं : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एका जनुकातला बदल. या लोकांना घाम कमी येतो, बाकी तब्येत ठणठणीत. (शेतात राबून झिजलेल्या अंगठ्याची गोष्ट वेगळी हं, तो आजार नव्हे.)

उलटंही असतं. काहींच्या तळहातावर खूप जास्त आणि खोल रेघा असतात. थंडीत त्यांच्या नडगीवर माशासारखे खवले दिसतात. म्हणून आजाराचं नाव इक्थिओसिस. ग्रीक भाषेत इक्थिस म्हणजे मासा. कातडीत ओल धरून ठेवायला मदत करणारं फिलॅग्रिन नावाचं प्रथिन यांच्यात कमी पडतं. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा जनुकातला दोष शोधला. तो आईकडून किंवा बाबांकडून येतो. नुसत्या रेघांवरून डॉक्टर काही ठरवत नाहीत, पण तळहात मात्र आवर्जून पाहतात.

वर्गात अशा मुलाशेजारी बसायला कुणी का कू करतं. अरे, हा आजार शिवल्यानं लागत नाही! त्याच्या डब्यातली भाकरी खुशाल खा.

आणि पालकांनो, मळ समजून लेकराचं अंग दगडानं घासू नका. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. कातडीच्या डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा आपलेही तळहात त्यांना दाखवा.