ऑपरेशन एका देशात, पाहणारे डॉक्टर दुसऱ्या देशात: चित्र अडखळत का नाही?

गावात निकाह आहे आणि मुलीचे मामू दुबईत. कुणीतरी मोबाईल उंच धरून लाईव्ह सुरू करतं. सगळं ठीक चाललेलं असतं आणि नेमकं 'कुबूल है'च्या वेळेला पडद्यावर चक्र फिरायला लागतं. चित्र परत येतं तोवर खजूर वाटून झालेले असतात. घरच्या कार्यक्रमात आपण हे हसून सोडून देतो. पण पडद्यावर ऑपरेशन चालू असेल आणि दुसऱ्या देशातले डॉक्टर ते पाहून शिकत असतील, तर?

जपानमधल्या फुकुओका शहरात क्युशू विद्यापीठाचं रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी २००३ पासून दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांना ऑपरेशनं थेट दाखवायला सुरुवात केली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन स्वतःच पडद्यावर पाहून काम करतो. तेच चित्र दूरच्या डॉक्टरलाही दिसलं, तर तो जणू शेजारी उभा राहून शिकतो. मात्र बारीक रक्तवाहिनी कुठली आणि नस कुठली, हे स्पष्ट दिसायला हवं. प्रश्न विचारला की उत्तरही त्याच क्षणी मिळायला हवं.

इथे खरी अडचण समजून घेऊ. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५-३० चित्रं लागतात. काहीही न दाबता हा सगळा माल पाठवायचा तर सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट लागतात. आपल्या मोबाईलवर तोच एचडी व्हिडिओ ५ मेगाबिटच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास तीनशे पट दाबलेला.

हे दाबणं फुकट होत नाही. संगणक आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच पाठवतो. त्यासाठी त्याला काही चित्रं थांबवून ताडून पाहावी लागतात, तिथे वेळ जातो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर पुढच्या चित्रांवरही डाग पसरतो. तसं होऊ नये म्हणून आपला फोन काही सेकंदांचा साठा आधी करून ठेवतो. म्हणून लाईव्ह नेहमी मागे असतं. यात अंतराचा दोष फार थोडा आहे. फायबरमधून प्रकाश १,००० किलोमीटर अंतर सुमारे ५ मिलिसेकंदांत कापतो.

यावर उपाय म्हणजे रस्ताच रुंद करायचा. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांच्यासाठी वेगळी जाळी असतात. अमेरिकेत इंटरनेट२, युरोपात जेआंत. त्यांची क्षमता मोठी असते आणि मुद्दाम बरीच मोकळी ठेवलेली असते, म्हणून गर्दीत तुकडे हरवत नाहीत. रस्ता मोकळा असला की चित्र कमी दाबावं लागतं, साठाही कमी करावा लागतो, आणि उशीर घटतो. क्युशूच्या डॉक्टरांनी सुरुवातीला वापरलेली पद्धत एका व्हिडिओसाठी सेकंदाला सुमारे ३० मेगाबिट घ्यायची. ते एचडी नव्हतं, पण प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे जायचं, त्यामुळे ते चटकन आणि स्वच्छ पोहोचायचं. पुढे जाळी वाढली तसा एचडीचा वापर सुरू झाला.

आपल्याकडेही असा रस्ता आहे. २०१० मध्ये मंजूर झालेलं नॅशनल नॉलेज नेटवर्क आयआयटी, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना जोडतं. त्याच्याच आधारे सरकारी मेडिकल कॉलेजांना जोडणारी योजना आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय तिचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉलेजच्या दारापर्यंत गिगाबिटची लाईन आली आणि आतला वायफाय जुना असला, तर वर्गात पुन्हा तेच चक्र फिरणार. जाळं शेवटच्या तारेइतकंच चांगलं.

म्हणून आपली मुलगी किंवा मुलगा मेडिकल, इंजिनिअरिंगला असेल तर त्यांना एवढं जरूर विचारायला सांगा: आपलं कॉलेज या नेटवर्कवर आहे का? असेल तर दुसऱ्या संस्थांमधली लेक्चरं आणि ऑपरेशनं आम्हाला दाखवता का? लाईन आलेली असते, पण कुणी मागितलंच नाही तर ती तशीच पडून राहते. ज्या मुलांना मोठ्या शहरात शिकायला जाणं परवडत नाही, त्यांचं नुकसान त्यात सगळ्यात जास्त होतं.