तराजू मालकाच्या हाती

धान्याच्या अडतीला जोडून डाळमिल उभी राहिली, सुताच्या व्यापारातून यंत्रमाग आले. ज्या घराला तराजू, वही आणि तिजोरी एवढ्यांचीच सवय होती, त्या घराच्या आवारात पट्टे आणि दातेरी चाके फिरू लागली. अशा घराची १९४८ च्या कारखाने अधिनियमाशी पहिली ओळख बहुधा एका आकड्याने होते. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार, विजेविना वीस, की मूळ अधिनियमानुसार ती जागा कारखाना ठरते. २०२० च्या संहितेने हेच आकडे वीस आणि चाळीसवर नेले. आकडा कोणताही असो, हिशेब सुरू होतो तो धोक्याचा नव्हे, डोक्यांचा.

मग हजेरीपटावर नऊच नावे राहतात. दहावा ठेकेदाराचा, अकरावा केवळ हमाल, बारावा ‘शिकायला येतो’. कुठे एकाच छपराखाली मध्ये पत्रा ठोकून दोन भावांच्या नावे दोन परवाने निघतात. कायदा करणाऱ्यांना ही हुशारी ठाऊक नव्हती असे नाही. अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूस येतो, बिनपगारी राबणाराही येतो. यंत्र चालू असताना, जेवणाची वा विश्रांतीची वेळ वगळता, जो आत आढळेल तो तेथे कामावर आहे असेच कलम १०३ गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करणे मालकाकडे. आणि माणसे कमी असली तरी राज्य शासनाला कलम ८५ खाली ती जागा अधिनियमाच्या कक्षेत आणता येते.

आकड्याच्या पुढे गेलेले मालक कागदावर थांबतात. हातमोजे दिल्याची सही असते, भिंतीवर फलक असतो. मोजे मात्र कपाटात, कारण ते घातले की काम मंदावते. येथे कायद्याची दोन निरनिराळी बोलणी एकत्र मिसळली जातात, आणि घोटाळा तेथेच होतो.

पहिले बोलणे कलम २१ चे. यंत्राचे चाक व शक्ती वाहून नेणारे भाग यांना भक्कम आवरण हवे आणि भाग फिरत असेपर्यंत ते जागेवर हवे. स्थान वा रचनेमुळेच निर्धोक असलेल्या भागांपुरती सवलत आहे, खर्चाची नाही. अशाच ब्रिटिश तरतुदीवर १९५५ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठापुढे वाद गेला. घासणीच्या चाकाने एका कामगाराचा अंगठा दुखावला होता. पूर्ण आवरण घातले तर चाक वापरताच येणार नाही, हे मालकाचे म्हणणे होते. न येवो, असा त्या निकालाचा आशय.

दुसरे बोलणे कलम ७क चे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये ते आले. कामगारांचे आरोग्य व सुरक्षितता ‘वाजवीपणे शक्य असेल तितपत’ सांभाळावी, असे ते म्हणते. हे शब्द वाचले की अनेकांना हायसे वाटते. परवडेल तेवढे करावे, असा अर्थ लावला जातो. पण या शब्दांचे माप १९४९ मध्येच ठरले. वेल्समधील कोळशाच्या खाणीत वाटेची कड कोसळून एक खाणकामगार दगावला. न्यायमूर्ती अॅस्क्विथ यांनी त्या खटल्यात चक्क तराजू मांडला: एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळण्यास लागणारा पैसा, वेळ आणि कष्ट. खर्चाचे पारडे धोक्याच्या तुलनेत फारच जड झाले, तरच मालक सुटतो. थोडे जड होऊन भागत नाही. आणि हे वजन अपघाताआधी करायचे.

व्यापाऱ्याला ही भाषा नवी नाही. नवे आहे ते कलम १०४क: अधिक काही करणे शक्य नव्हते, हे मालकानेच दाखवून द्यायचे. ज्याच्या हाती तराजू, त्यानेच वजनाची नोंद ठेवायची. अशी नोंद फार थोड्या कारखान्यांत सापडते, हे खेदाने म्हणावे लागते. जाळी बसवायला किती लागतील, एवढा साधा भावही कित्येकदा कोणी विचारलेला नसतो.

जबाबदारी व्यवस्थापकाच्या नावे लिहून ठेवण्याची वाटही १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. कंपनीचा भोगवटादार तिचा संचालकच असू शकतो. भागीदारी पेढीत कोणीही एक भागीदार. म्हणजे प्रश्न थेट घरातल्या माणसापर्यंत येतो.

भरपाईच्या १९२३ च्या कायद्याची पहिली अनुसूची या घरांतून क्वचितच वाचली जाते. त्यात कमाईच्या क्षमतेची हानी टक्क्यांत मांडली आहे: अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, पूर्ण मधले बोट १२. डाळमिलच्या पट्ट्यावरची जाळी चार नटबोल्टवर असते. पट्टा घसरला की ती काढतात, पट्टा चढवतात, आणि माल खोळंबलेला असल्याने नटबोल्ट त्या पाळीला डब्यातच राहतात.