आधी टायर, मग ऐट!

2021 च्या उन्हाळ्यात माँट्रिअलला मी हौसेने दोन माणसांची, उघड्या टपाची माझदा मिआटा घेतली. “मुंबईचा पाऊस पाहिलेल्याला बर्फाचे काय भय!” अशी माझी ऐट.

क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे असतात. नोव्हेंबर संपायला पाच दिवस होते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण बर्फ काही कॅलेंडर पाहून पडत नाही! माउंट रॉयलच्या उतारावर, वळण घेताना ॲक्सिलरेटरवर पाय जरा जोरात पडला मात्र, गाडीची मागची बाजू गर्रकन फिरली आणि आम्ही उभयता आल्या वाटेकडे तोंड करून थांबलो. सौ. काहीच बोलली नाही. तिला पाचवा महिना होता.

चूक गाडीची नव्हती. तिच्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. तो अधिक झाला की बर्फावर त्यांची पकड सुटते. शिवाय सुमारे 7 अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते.

दुसऱ्याच दिवशी चारही टायर बदलले. मग रिकाम्या मैदानात धडे गिरवले: मागची बाजू घसरली तर ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर अलगद सोडायचा, ती ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे.

मार्चमध्ये कन्यारत्न आले. दोघांच्या गाडीत तिसरी कुठे बसणार? गाडी विकली.

आता चारही चाकांना जोर देणारी मोठी गाडी आहे. तरी ऑक्टोबरात गार वारा सुटला, की सौ. विचारते, “टायर बदललेत ना?”