मंडईतील चार सेकंद

जुन्या पुण्याची छायाचित्रे पाहणाऱ्यांच्या तोंडून ‘काय निवांत होते हो तेव्हाचे पुणे!’ हा उद्गार इतक्यांदा ऐकला होता की, ज्या काचांवरून ती छायाचित्रे निघाली त्या काचा समक्ष पाहून या निवांतपणाची एकदा खातरजमा करून घ्यावी, अशा हेतूने मी पेठेतील एका जुन्या स्टुडिओच्या माडीवर गेलो. तेथे काचेच्या निगेटिव्ह साफ करून त्यांच्या प्रती संगणकावर उतरवण्याचे काम एक वयस्क गृहस्थ करतात. सारे त्यांना काका म्हणतात.

काम किचकट, पण सांगण्यासारखे थोडे. काच कडांनी धरायची, तिची चकचकीत बाजू ओलसर कापसाने पुसायची, आणि जिच्यावर जिलेटिनचा थर असतो त्या मंद बाजूला मऊ कुंचल्यापलीकडे काही लावायचे नाही. पाणी तर वर्ज्यच. त्याचा दाखला कपाटात होता: १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या एका घरात बुडालेल्या काचांचा गठ्ठा, ज्यातील जिलेटिन फुगून, मग सुकून, सगळ्या काचांची एक वीट झाली आहे. तिला अजून गाळाचा वास येतो. तिचा काडीचा उपयोग नसता काका ती का बाळगतात, हे विचारायचे मी टाळले.

नंतर त्यांनी खालून दिवा लावलेल्या पेटीवर एक फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच, ठेवली आणि भिंग माझ्या हाती दिले. शुक्रवार पेठेतील मंडई. १८८६ साली उभी राहिली तेव्हाची रे मार्केट. (तिच्यावरील खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला त्या जोतीरावांचेच नाव पुढे तिला मिळाले.) मधला मनोरा, त्याभोवतीच्या कमानी, कौलांच्या ओळी, सारे कोरल्यासारखे रेखीव; आणि समोरचे पटांगण जवळजवळ ओस.

“ओस कुठलं! टोपण हातानं काढायचं, मनात चार मोजायचे, टोपण लावायचं,” काका म्हणाले. “चार सेकंद. चार सेकंद जो हलला तो गेला.”

भिंगाखाली ते गेलेले दिसू लागले. गाडीला जुंपलेल्या बैलाचे धड जागच्या जागी होते, मुंडक्याच्या ठिकाणी केवळ धूर. टोपलीमागे बसलेली बाई लुगड्याच्या काठासकट स्पष्ट, तर तिच्यापुढे दोन पावले होती आणि त्यांच्यावर माणूस नव्हता, कारण गिऱ्हाईक उभे राहून वाकत, भाजी उलटीपालटी करत, बहुधा भावावरून हुज्जत घालत असणार. मागे पटांगणभर पसरलेला जो पट्टा मी डाग समजलो होतो ती सकाळची गर्दी होती. बसणारे राहिले, राबणारे पुसले गेले. हमाल त्या चित्रात एकही नाही, आणि हमालावाचून मंडई कधी उघडली असेल यावर माझा विश्वास नाही.

त्या काळच्या काचांची साक्ष आणखीही एका बाबतीत कच्ची असते. निळा प्रकाश त्यांना चटकन उमटतो, तांबडा जवळपास उमटतच नाही. त्यामुळे निळे आभाळ कोऱ्या कागदासारखे येते आणि तांबडी पगडी काळी. काळ्या पगड्यांचे, ढगांवाचूनचे, माणसांवाचूनचे ते पुणे दिनदर्शिकांवर छापले जाते आणि आपण त्याच्यासाठी उसासे टाकतो!

मी असतानाच एका उपाहारगृहाचा मनुष्य भिंतीवर लावण्यासाठी याच चित्राची मोठी प्रत मागण्यास आला. त्याची एकच फर्माईश होती: खालचा तो धुरकट पट्टा तेवढा काढून टाका, चित्र स्वच्छ हवे. मला वाटले, काका फिर्यादीच्या आवेशात त्याला चार सेकंदांची हकिकत ऐकवतील. त्यांनी मुकाट्याने वहीत नोंद केली, मूळ प्रत निराळी ठेवली, आणि पट्टा पुसण्याची मजुरी छपाईच्या दुप्पट सांगितली. त्याने ती घासाघीस न करता कबूल केली.