इलेक्ट्रिक कार सदोष निघाली तर? कायदा आपल्या बाजूने आहे, पण कागद आपणच जपायचा आहे

वस्तीतला तरुण कर्ज काढून इलेक्ट्रिक कार घेतो. ती टॅक्सी म्हणून चालवून घर चालवायचे, असा त्याचा हिशोब असतो. चार महिन्यांतच गाडी भर रस्त्यात बंद पडू लागते. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी सांगतात, 'सॉफ्टवेअर अपडेट केले, आता काही अडचण नाही.' आठवड्याने पुन्हा तेच. गाडी वर्कशॉपमध्ये पडून आणि बँकेचा हप्ता मात्र सुरूच.

अशा वेळी आपली मुले दोन चुका करतात. काही जण भांडून थकतात आणि गप्प बसतात. काही जण रागाने हप्ता थांबवतात. बँकेचा करार वेगळा असतो. हप्ता थकला की गाडी उचलली जाते आणि पुढचे कर्जही अवघड होते. म्हणून आयोगाचा आदेश होईपर्यंत हप्ता थांबवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

टॅक्सीवालाही ग्राहकच

'गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही,' असे उत्तर हमखास मिळते. ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा ग्राहकच आहे. पाच-सहा गाड्या घेऊन चालक ठेवणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी.

काय मागता येते?

दोष दूर करून देणे, गाडी बदलून देणे, व्याजासह किंमत परत करणे, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च, हे सगळे आयोगाकडे मागता येते. सदोष गाडीमुळे इजा झाली किंवा इतर मालमत्ता जळाली, तर 'उत्पादन दायित्व' या प्रकरणाखाली वेगळी भरपाई मागता येते.

गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. शुल्क १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आणि २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये आहे. आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवरूनही दाखल होते.

मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा. काही प्रकरणे तिथेच मिटतात. पण त्यामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

पुरावा कंपनीच्या संगणकात असतो

इलेक्ट्रिक गाडीत खरी अडचण इथे आहे. गाडीचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. त्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती कंपनीच्या हातात असते. म्हणून पहिल्या बिघाडापासून हे करा:

- प्रत्येक वेळी जॉब कार्ड घ्या. आपली तक्रार त्यावर आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले असेल तर सही करू नका.
- डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा फोटो, किलोमीटर आणि तारीख जपून ठेवा.
- बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आणि बिघाडाच्या नोंदी ईमेलने मागा. दिल्या नाहीत, तर कंपनीला त्या हजर करायला सांगावे, असा अर्ज आयोगाकडे करता येतो.
- वॉरंटीची पुस्तिका वाचा. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, पण अटी वेगवेगळ्या असतात.
- डीलर आणि उत्पादक दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि पोचपावती जपा.

एका चार्जिंगमध्ये जाहिरातीइतके अंतर मिळाले नाही, एवढ्यावर दोष सिद्ध होत नाही, कारण ते अंतर चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतले असते. बॅटरीची क्षमता हमीतल्या मर्यादेखाली गेली, हे दाखवता आले तर बाजू भक्कम होते. गरज पडल्यास आयोगाकडे तज्ज्ञ तपासणीची मागणी करा.

दोन निकाल लक्षात ठेवा

हे निकाल इलेक्ट्रिक गाड्यांचे नाहीत, पण धडा तोच आहे. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ ची, आधीच चाललेली गाडी दिली गेली. डीलरच्या या गैरप्रकाराची उत्पादकाला माहिती होती, हे सिद्ध झाले नाही म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला जबाबदार धरले नाही. म्हणजे दोघांनाही पक्षकार करा आणि कोणाची काय चूक, ते वेगवेगळे लिहा.

२०२२ मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने दिलेला आदेश कायम ठेवला. धडकेच्या वेगाचे आणि बलाचे गणित ग्राहकाने मांडावे, अशी अपेक्षा न्यायालयाने ठेवली नाही.

एकटे लढू नका

एकाच मॉडेलमध्ये एकच दोष अनेकांना येत असेल, तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. सुरक्षेला धोका असणारा दोष असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

विकणारा सांगतो म्हणून खरे मानू नका, स्वतः तपासा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. गाडी घेतानाही तेच आणि बिघडल्यावरही तेच. विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसून दोन-चार जणांची कागदपत्रे लावून दिली, तक्रारीचा मसुदा लिहून दिला, तरी एखाद्या घराचे मोडणारे गणित सावरेल. कायदा शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!